यंदा बर्फ नाही, तरी हरणं कमी का?

डुलुथ, मिनेसोटा
१० मार्च २०२४

तीर्थरूप आबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात दादानं कुट्टी मशीन चालू केलं. माझं तुम्हाला ऐकू जाईना, तुमचं मला. शेवटी तुम्ही ओरडून म्हणालात, "लिवून धाड, सावकाश वाचतो." म्हणून हे पत्र. लांबलंय, पण मागितलंत तुम्हीच.

तुमचं म्हणणं असं होतं, की मी पाठवलेल्या रस्त्याच्या फोटोत बर्फाचा पत्ता नाही. मार्चात एरवी दारातून बाहेर पडायला फावडं मारावं लागतं, यंदा रस्ता कोरडा ठणठणीत. "मग थंडी नाही, बर्फ नाही, म्हटल्यावर हरणांची चैन असाय पायजे. आन् तू म्हणतीस हरणं दिसंनात म्हणून तिथली लोकं कावल्यात. ह्ये कसं?"

यंदाच्या हिवाळ्याचा यात काही दोष नाही, आबा. ही गेल्या हिवाळ्याची थकबाकी आहे.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात डुलुथला १४०.१ इंच बर्फ पडला. नोंदी ठेवायला लागल्यापासून एका मोसमात एवढा कधी पडला नव्हता. त्याआधीचा उच्चांक १९९५-९६ चा, १३५.४ इंच. साडेतीन मीटर सगळा एका वेळी उभा नसतो म्हणा. तो दबतो, बसतो, वरून पुन्हा पडतो. पण एप्रिलातसुद्धा जंगलात पाय टाकला की मांडीपर्यंत रुतत होता. आणि यंदा मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यांत उबदार हिवाळा. ह्याच्यामागचा गडी तुमच्या ओळखीचा आहे. प्रशांत महासागराचं पाणी तापलं, एल निनो आला. तिकडं गेल्या ऑगस्टात पावसानं ओढ दिली आणि तुम्ही उसाच्या पाण्यासाठी रात्री जागून काढल्या त्यात त्याचा हात होता, आणि इकडं थंडी पळवण्यातही. तुमच्या शिव्या खाणाऱ्या एल निनोच्या कृपेनं मी यंदा बिनटोपीची फिरले.

मला हे सगळं कुठून कळलं, तर पेशंटांकडून. फिजिओथेरपीच्या टेबलावर माणूस पडून असतो, गुडघा ठणकत असतो, बोलणार कशावर? इथली माणसं हवा आणि शिकार या दोनच विषयांवर मनापासून बोलतात. त्यातले एक आजोबा राज्याच्या वन्यजीव खात्यातून निवृत्त झालेत. नाव लिहीत नाही, पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. मी म्हशींच्या घरातली आहे हे कळल्यापासून ते मला रवंथापासूनच सगळं समजावतात, आणि खरं सांगू, त्यामुळं लवकर कळतं.

इथलं खातं दर हिवाळ्याला गुण देतं. नोव्हेंबर ते मे रोज दोन गोष्टी बघायच्या : जमिनीवरचा बर्फ १५ इंच किंवा जास्त आहे का, आणि तापमान उणे अठरा अंशांपर्यंत किंवा त्याखाली गेलं का. एकेकाला एक गुण. दोन्ही झालं तर त्या दिवसाचे दोन. हंगामअखेर बेरीज १०० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १८० च्या वर गेली तर कडक. आपण पावसाळ्यात सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, तसं इथले शिकारी फेब्रुवारीत हा आकडा विचारतात. आमच्या या ईशान्य कोपऱ्यात गेल्या वर्षी तो 'कडक'मध्ये गेला. यंदा नावालाच आहे.

आता गंमत बघा. या दोन्हींत थंडीपेक्षा बर्फाची खोली जास्त जीव घेते. थंडीची तयारी हरणाकडं असते. इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं. मादी साठ-सत्तर किलोची, नर त्याहून थोराड. उन्हाळ्यात ते तांबूस असतं, आणि हिवाळ्याआधी कात टाकल्यासारखं करडं होतं. हिवाळी केस आतून पोकळ, खाली दाट लव. अंगावर पडलेला बर्फ वितळत नाही, म्हणजे आतली ऊब बाहेर जातच नाही. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात ओकची फळं, क्लोव्हर, मका असं खाऊन खाऊन ते चरबी साठवतं. आणि डिसेंबरनंतर आपणहून खाणं कमी करतं, हालचाल कमी करतं. पिंजऱ्यात ठेवलेल्या, पुढ्यात हवं तेवढं खाद्य असलेल्या हरणांनीसुद्धा हिवाळ्यात कमी खाल्लेलं बघितलंय इथल्या अभ्यासकांनी. भूक मारायची सवय रक्तातच आहे.

पण छातीला लागेल एवढा बर्फ झाला, की एकेक पाऊल टाकायलाच चरबी जळते. मग ती दाट सीडर आणि फरच्या झाडीत जाऊन राहतात. वरचा पाला बर्फ अडवतो, वारा अडवतो, खाली कमी साचतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागा. सगळ्यांनी मिळून तुडवलेल्या चिंचोळ्या वाटा असतात, त्यावरूनच यायचं-जायचं. जागा उबदार, पण तिथला खाली आलेला पाला डिसेंबरातच संपतो. मग मोठी जनावरं मागच्या पायांवर उभी राहून वरचा ओरबाडतात. पिल्लांचं तोंड तिथवर पोचत नाही.

आजोबा म्हणतात, लोकांना वाटतं हरणं जानेवारीत मरतात. जानेवारीत फारशी नाही मरत. साठा असतो. ती मरतात मार्च-एप्रिलात, हवा निवळायला लागल्यावर. आपल्याकडं जूनच्या तोंडावर वैरणीचा शेवटचा भारा संपतो आणि पाऊस आठ दिवस लांबतो, ते दिवस आठवा. इथंही हिवाळा कडक किती, यापेक्षा लांबला किती, हे महत्त्वाचं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हिरवं फुटलं तर वाचली. मे उजाडला तर गेली.

नोकरीत असताना एप्रिलात त्या सीडरच्या झाडीत जाऊन मेलेली हरणं मोजायचं काम आजोबा करायचे. लांडग्यानं मारलं, की भुकेनं मेलं, हे नुसतं बघून कळत नाही. कारण मेल्यावर लांडगे, कोल्हे, कावळे खातातच. म्हणून मांडीची नळी फोडून बघतात. तुम्हाला, आबा, नळीचं सांगायला नको. धडधाकट जनावराचा मगज पांढरट, घट्ट, तुपाळ असतो. उपासमारीनं मेलेल्याचा लाल, पातळ, लिबलिबीत. शरीर आधी पाठीवरची चरबी वापरतं, मग आतड्याभोवतीची, आणि सगळं संपल्यावर शेवटी हाडातली. मगजाची चरबी गेली म्हणजे त्या जनावराकडं काहीच उरलं नव्हतं. (आई हे वाचून नाक मुरडणार. पण रविवारी नळीसाठी दादाशी भांडणारी तीच.)

मरतं कोण आधी, तर त्या वर्षीची पिल्लं. मे-जूनमध्ये जन्मलेलं पिल्लू डिसेंबरला सहा महिन्यांचं. त्याला हाडंही वाढवायची असतात आणि चरबीही साठवायची असते, दोन्ही नीट होत नाही. अंग लहान म्हणून ऊब लवकर जाते, पाय आखूड म्हणून बर्फात आधी रुततं. पिल्लांमागून मोठे नर. हे ऐकून मला नवल वाटलं होतं, पण नोव्हेंबर हा त्यांचा माजाचा महिना. महिनाभर माद्यांमागं पळायचं, दुसऱ्या नरांशी झुंजायचं, खायचं नाव नाही. वजनाचा पाचवा हिस्सा, कधी पाव हिस्सा उतरतो आणि लगेच हिवाळा सुरू. त्यानंतर दात झिजलेल्या म्हाताऱ्या माद्या. ऐन वयातली मादी सगळ्यांत चिवट, ती बहुतेक वेळा निभावून नेते.

पण ती गाभण असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पोटातलं पिल्लू जास्त वाढतं ते शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे नेमकं मार्च, एप्रिल, मे. आईच्या अंगावर तेव्हाच काही नसतं. सशक्त मादीला जुळी होतात. खंगलेलीला एकच, नाहीतर दोन्ही मरतुकडी. कमी वजनाची पिल्लं जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच जातात. कधी आईला दूधच येत नाही. आपल्याकडं गाभण म्हशीचा खुराक शेवटच्या दोन महिन्यांत वाढवायचा असं आजी का सांगायची, ते मला डुलुथमध्ये बसून नीट कळलं.

तर हिशेब असा, की २०२२ ची पिल्लं हिवाळ्यात बरीच मेली. २०२३ ची कमी जन्मली, अशक्त जन्मली. म्हणून गेल्या नोव्हेंबरात, मोसम उबदार असूनही, शिकाऱ्यांना दीड वर्षाचे नर दिसेनात. इथं सगळ्यांत जास्त शिकार त्याच वयाच्या नरांची होते. एका कडक हिवाळ्यानं दोन वर्षांची खोंडं पळवली. यंदाचा सौम्य हिवाळा त्यांना परत आणणार नाही. फार तर जगल्या-वाचल्या माद्यांना यंदा जुळी होतील आणि त्यांचा परिणाम २०२५-२६ ला दिसेल, तोही मधे पुन्हा असा हिवाळा आला नाही तर.

लोकांचा राग मात्र लांडग्यांवर निघतो. या हिवाळ्यात त्यावरून गावोगावी मोठमोठ्या सभा झाल्या. मिनेसोटात अडीच हजारांवर लांडगे आहेत, आणि खोल बर्फात हरणापेक्षा लांडगा सरस ठरतो हे खरं. दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर कडक साय धरते. लांडग्याचे पंजे त्यावरून जातात, हरणाचे खूर आत घुसतात. पण लांडगे तर दरवर्षीच होते. हरणं कमी होतात ती लागोपाठच्या वाईट हिवाळ्यांनंतर, हा इथला जुना अनुभव आहे. माझं मत विचाराल तर लांडगा समोर दिसतो, त्याला शिव्या देता येतात. बर्फाला कोण देणार? आजोबांना मात्र हे इतकं सरळ मान्य नाही. ते म्हणतात, कळप एकदा फार खाली गेला, की त्याला वर येऊ न देण्याचं काम लांडगा करू शकतो. मी गप्प बसते. त्यांनी आयुष्य त्यात काढलंय.

शिकारीला परवानगी कशी, असं आई विचारत होती. आपल्याकडं १९७२ चा कायदा आहे, इथं उलट शिकारीचे परवाने विकून त्या पैशावर वन्यजीव खातं चालतं. पण हिवाळा वाईट गेला की खातं हात आखडतं. काही भागांत मादी मारायला बंदी, फक्त शिंगवाला नर मारायचा. मादी वाचली तर कळप वाढेल, एवढाच विचार. गोठ्यातली दुभती विकू नये, तसं काहीसं. आणि शिकारीच सभेत उठून "अजून कमी परवाने द्या" म्हणतात, हे मी ऐकलंय. मला आधी ही जमात पटत नव्हती. अजून पूर्ण पटत नाही, पण हरणांची काळजी यांच्याइतकी कुणी करत नाही, हेही खरं.

आता तुमचा दुसरा प्रश्न : "एवढी श्रीमंत लोकं, चार गाड्या वैरण टाकाय काय हुतंय?"

टाकतात की. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई आहे, एकटी राहते, फार मायाळू. तिनं गेल्या वर्षी फेब्रुवारीत पोत्यानं मका टाकला. हरणं आली. थोड्या दिवसांनी तिच्याच परसात दोन मरून पडली, पोट टम्म भरलेलं. ती रडत होती, म्हणत होती मी तर खायला घालत होते. आपल्या गावात लग्नातला उरलेला भात खाऊन कुणाची तरी म्हैस आडवी झाली होती, डॉक्टर रात्री आले होते, आठवतंय? तेच. हिवाळ्यात हरणाच्या पोटातले जंतू काटक्या आणि सालपटं पचवायला बसलेले असतात. त्यांच्यावर एकदम मका पडला की पोटात आम्ल होतं आणि दाण्यांनी भरल्या पोटी जनावर मरतं. हे जंतू बदलायला काही आठवडे जावे लागतात, आणि मार्चातल्या हरणाकडं आठवडे नसतात. नुसतं वाळलं गवत टाकलं तरी त्यांना ते पचत नाही. पोटात गवत आणि मगज लाल, अशी हरणंही आजोबांनी उचललीत.

त्याशिवाय एका जागी खायला मिळालं की सगळी तिथं गोळा होतात. दांडगी खातात, पिल्लं मागं राहतात. यायच्या वाटेत रस्ता असला तर गाड्यांखाली जातात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रोग. इथं हरणांना एक झिजण्याचा रोग आहे, १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेल्या प्रथिनामुळं होतो. मेंदू पोखरतो, जनावर सुकत सुकत मरतं, औषध नाही. लाळेतून, मुतातून मातीत उतरतो आणि वर्षानुवर्षं तिथं राहतो. म्हणून मिनेसोटाच्या काही जिल्ह्यांत आता हरणांना चारा टाकणं हाच गुन्हा आहे.

खाऊ घालायला एकदा सुरुवात केली की थांबवता येत नाही, हे बघायचं तर वायोमिंगमधल्या जॅक्सनला बघावं. तिथं एल्क नावाची जनावरं आहेत, आपल्या सांबराच्या जातकुळीतली पण बरीच मोठी. माणसांनी त्यांच्या हिवाळी कुरणांत गाव आणि रान्च, म्हणजे गुरांचे मोठाले मळे, वसवले, आणि १९०९ नंतरच्या लागोपाठच्या कडक हिवाळ्यांत ती गावाभोवती मरून पडायला लागली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून गवत आणलं. १९१२ मध्ये सरकारनं त्यांच्यासाठी राखीव क्षेत्रच केलं. शंभर वर्षं झाली, अजून खाद्य चालू आहे. राज्य सरकारची वीसहून जास्त ठिकाणं वेगळीच. आता तो झिजण्याचा रोग त्या भागात पोचलाय. खाद्य बंद करावं तर हजारो एल्क उपाशी, चालू ठेवावं तर रोगाला पायघड्या. कुणाला काही सुचत नाही.

वायोमिंगला २०२२-२३ चा तोच हिवाळा आमच्यापेक्षा जास्त क्रूर गेला. नैर्ऋत्येकडच्या भागात अभ्यासकांनी म्यूल डिअर नावाच्या हरणांना रेडिओ कॉलर लावले होते. कॉलर घातलेली त्या वर्षीची पिल्लं जवळजवळ सगळी मेली, आणि वयात आलेल्या माद्याही निम्म्याहून जास्त. ज्या चिवट म्हणून मी वर सांगितल्या, त्याच. खात्यानं पुढच्या मोसमाचे परवाने हजारोंनी कमी केले.

आणि प्राँगहॉर्न. आबा, हे तुमच्या खास आवडीचं निघेल. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळायचे, आफ्रिकेतून मागवायचे, डोळ्यांवर पट्टी बांधून छकड्यातून माळावर न्यायचे आणि काळविटावर सोडायचे, हे पणजोबांच्या तोंडचं तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलंत. आता त्या माळावर ना चित्ता, ना काळवीट. प्राँगहॉर्न दिसायला काळविटाचा लांबचा भाऊ वाटावा, नातं मात्र नाही. तासाला ऐंशी-नव्वद किलोमीटर पळतं. इथं त्याच्या वेगाचं एकही शिकारी जनावर नाही. एका शास्त्रज्ञाचं म्हणणं, की हजारो वर्षांपूर्वी अमेरिकेतही चित्त्यासारखं जनावर होतं, ते नष्ट झालं, पण त्याच्यापुढं पळायचा वेग याच्या पायात राहिला. मला ही कल्पना फार आवडली.

एवढं वेगवान जनावर, पण कुंपणावरून उडी मारत नाही. खालून सरपटून जातं. हिवाळ्यात त्याचा एकच उपाय असतो, चालत राहायचं, बर्फ कमी असेल तिथं जायचं. ग्रँड टीटनच्या डोंगरातून दक्षिणेच्या गवताळ खोऱ्यात त्यांची दोनशेहून जास्त किलोमीटरची वाट आहे, पूर्वापार. २००८ मध्ये त्यातला जंगलातला भाग सरकारनं कायदेशीर राखून ठेवला. पण पुढं तारेची कुंपणं आहेत, आणि त्याहून पुढं ऐंशी नंबरचा महामार्ग. गेल्या वर्षी बर्फ कुंपणाच्या खालच्या तारेच्या वर आला. सरपटायला जागा नाही, उडी येत नाही. कुंपणाच्या कडेनं उभी राहून मेली. त्यात पाइनडेल गावाजवळच्या कळपात मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया शिरला, गुराढोरांत होतो तोच. कॉलर लावलेल्यांतली निम्म्यापेक्षा जास्त गेली. कुंपण नसतं तर त्यातली कितीतरी वाचली असती, असं मला वाटतं. तो हिवाळ्याचा दोष नव्हता.

यलोस्टोन नॅशनल पार्कातल्या बायसनचं, म्हणजे इथल्या रानगव्यांचं, तसंच. भलं दांडगं जनावर, मानेवरच्या वशिंडाच्या जोरावर डोकं इकडून तिकडं फिरवत बर्फ बाजूला सारतं आणि खालचं गवत खातं. भुसभुशीत बर्फ कितीही असो, त्याला फरक पडत नाही. पण १९९६-९७ ला बर्फावर पाऊस पडला आणि गोठला. गवतावर बर्फाची फरशी. डोकं मारून फुटेना. मग ती पार्कच्या बाहेर, खालच्या कुरणांकडं निघाली. तिथले गुरांचे मालक घाबरले, कारण बायसनमध्ये ब्रुसेलोसिस आहे. आपल्याकडं गाभ टाकण्याचा जो रोग म्हणतात तोच. त्या हिवाळ्यात पार्कबाहेर पडलेले हजाराहून जास्त बायसन माणसांनी मारले.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे हिवाळा सौम्य असलेलाच बरा. तिथंच गाडी अडते. कारण मूस.

मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यांत मोठं जनावर, आपल्या म्हशीएवढं पण पाय उंटासारखे. त्याला बर्फाचं काही नाही, त्या पायांवर तो आरामात चालतो. त्याला उकाडा सोसत नाही. ईशान्य मिनेसोटात २००६ मध्ये मूस आठ हजारांच्या वर होते. आता निम्मेही राहिले नाहीत. एक कारण म्हणजे हीच पांढऱ्या शेपटीची हरणं. त्यांच्या मेंदूच्या आवरणात एक जंत असतो. हरणाला काही होत नाही, मूसला गेला की तो गोल गोल फिरतो, मागचे पाय जातात आणि मरतो. पूर्वी कडक हिवाळे हरणांना उत्तरेकडं टिकू द्यायचे नाहीत, त्यामुळं मूस आपोआप सुरक्षित होते. हिवाळे मवाळ झाले, हरणं वर सरकली, जंतही वर गेला.

दुसरं कारण गोचीड. हसू नका. इथं हिवाळी गोचीड असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची बारकी पिल्लं गवताच्या शेंड्यांवर झुपक्यानं बसून असतात आणि जनावर गेलं की चिकटतात. एकेका मूसवर हजारोंनी, कधी पन्नास हजारांवर. सगळा हिवाळा अंगावर काढतात, रक्त पितात. मूस झाडाला घासून घासून केस काढून टाकतो, उघड्या कातडीनिशी पांढुरका दिसतो, आणि मार्च-एप्रिलात पिल्लं रक्त संपून मरतात. २०२२ मध्ये पूर्वेकडच्या मेन राज्यात एका भागात कॉलर लावलेल्या पिल्लांतली दहातली आठाहून जास्त मेली. ऑक्टोबरातच बर्फ पडला तर ती गोचिडं अंगावर चढण्याआधीच खलास होतात. आणि एप्रिलात बर्फ टिकला तर अंडी घालायला खाली पडलेल्या माद्या त्यात मरतात. म्हणजे हरणाला जो लांबलेला हिवाळा मारतो, तोच मूसची गोचिडं मारतो. यंदाच्या उबदार हिवाळ्यावर सगळे खूश आहेत, आजोबा सोडून. ते म्हणतात, मूसचं काय होतंय ते पुढच्या वसंतात कळेल.

अर्थात फार झाले तर मूसही बर्फापुढं टिकत नाहीत. आमच्या या सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. लांडगे घटले होते, मूस वाढत वाढत चोवीसशेवर गेले, बेटावरची फरची रोपटी खाऊन संपवली. मग १९९६ चा तो जबर हिवाळा आला, अंगावर गोचिडं होतीच. वर्षभरात पाचशेच्या आसपास उरले. चारा आधीच संपला होता, हिवाळ्यानं फक्त शेवटचा धक्का दिला.

आपल्या राधानगरीच्या गव्यांना हा काळ उन्हाळ्यात येतो, नाही का? मार्च-एप्रिलात गवत वाळतं, पाणवठे आटतात, आणि ते उसाच्या वासानं खाली उतरतात. दादा म्हणत होता भोगावतीच्या काठाला यंदा लवकर दिसले. त्यांना हुसकायला पोरं टॉर्च घेऊन धावतात ते थांबवा जरा. घाबरलेला गवा कुठं शिरेल सांगता येत नाही, आणि आबा, तुम्ही तर अजिबात जायचं नाही. वनखात्याला फोन करायचा आणि घरात बसायचं. यंदा पाऊस कमी झाला होता, दाजीपूरचे पाणवठे कसे आहेत ते दादाला विचारून कळवा.

आई, पाठवलेलं कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट पोचलं. पोस्टमननं ते नाकाला लावून बघितलं आणि काय आहे म्हणून विचारलं. हरणाच्या मटणाचा तुकडा इथल्या एकानं दिला होता, त्यात घातला. चव ठीक होती, पण फार कोरडं. तांबड्या रश्श्याला ते मटण चालणार नाही.

कारखाना कधी बंद होतोय? वाडं संपलं की वैरणीचं काय करणार ते आत्ताच बघून ठेवा, यंदा कडब्याचा भाव चढेल. काळी म्हैस मेमध्ये विणार ना? तिला पेंड हळूहळू वाढवा, एकदम नको. आणि उन्हाळ्यात गोचिडं वाढतात, तेव्हा दादाला सांगा, औषध नुसतं जनावरांना लावून भागत नाही, गोठ्याच्या भिंतीच्या भेगांतही मारायचं. अंडी तिथंच असतात. औषध मारताना गव्हाण झाकायची, आणि तुम्ही तोंडाला फडकं बांधल्याशिवाय तिथं थांबायचं नाही.

वहिनीला नमस्कार, पिंट्याला पापा.

तुमची,
वैशू